पेडलची थरथर

एकोणीसशे सत्तरनंतरची पाच वर्षं मी सोलापुरात जनावरांचा डॉक्टर होतो. आमच्या कार्यालयाकडे एक पिकअप होती. पुढून जीप, मागे उघडा हौदा, त्यावर ताडपत्री. हौद्यात लसीच्या बर्फाच्या पेट्या, औषधांची खोकी आणि पाण्याचं एक मोठं पिंप. मी करमाळ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. बैलाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालायला मला कधी भीती वाटली नाही, पण गाडीतलं मला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. गाडी चाचा चालवायचे आणि मी शेजारी बसायचो, एवढाच आमचा संबंध.

चाचा म्हणजे आमचे ड्रायव्हर. पन्नाशी उलटलेले, उंच, स्टिअरिंगवर जरा वाकून बसणारे. घरात दखनी बोलत, आमच्याशी मराठी. गाडी चालवताना त्यांचे ओठ हलायचे, पण ते काय म्हणतात हे मला कधी ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीचा कुणाला साधा धक्काही लागला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत. दुसऱ्या कुणी सांगितली, तर उठून गाडीची काच पुसायला जात.

त्या वर्षी सांगोल्याच्या बाजूला लाळखुरकूत पसरली. जनावराच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळ गळते, चारा सुटतो. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात रोग जातो तो जनावरांबरोबर, माणसांच्या पायताणांबरोबर, गाड्यांच्या चाकांबरोबर. रोज सकाळी आम्ही बर्फ भरायचो आणि मंगळवेढ्यावरून सांगोल्याकडे निघायचो. दिवसाला चार-पाच गावं. संध्याकाळी परत येईपर्यंत माझ्या अंगाला फिनेलचा वास आणि चाचांच्या भुवयांवर धूळ.

त्या धावपळीत एक दिवस चाचा म्हणाले, "डाक्टरसाब, ब्रेक मारला की पेडल पायाखाली कापतंय."

मी टिपण लिहीत होतो. मान वर न करता विचारलं, "गाडी थांबते ना?"

"थांबते की."

"मग झालं."

म्हैस रवंथ करत नाही, असं कुणी येऊन सांगितलं असतं, तर 'दूध देते ना, मग झालं' असं मी त्याला कधी म्हणालो नसतो. पण गाडी आजारी पडते हेच मुळात माझ्या डोक्यात नव्हतं. दोन दिवसांनी चाचांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा गाडी नेहमीच्या वर्कशॉपात गेली. तिथल्या लोकांनी ब्रेक आवळले, नळ्यांतली हवा काढली आणि गाडी परत दिली. चार दिवस चाचा काही बोलले नाहीत. मला वाटलं, मिटलं.

मग मंगळवेढ्याच्या पुढे ते झालं. दुपारची वेळ, मोकळा रस्ता, गाडी बऱ्यापैकी वेगात. बाभळीच्या आडून मेंढरांचा कळप एकदम रस्त्यावर आला. चाचांनी ब्रेक दाबला आणि सगळी गाडी हादरायला लागली. पुढचा पत्रा खडखडत होता, स्टिअरिंग त्यांच्या हातात डावी-उजवीकडे हिसके मारत होतं, मागे बर्फाची पेटी घसरून फळीवर आपटली. आम्ही थांबलो तेव्हा बंपर एका मेंढीच्या लोकरीला टेकला होता. मेंढी अंग झटकून निघून गेली. मेंढका मात्र हातातली काठी बॉनेटवर आपटत आमच्या सात पिढ्या काढत होता.

चाचा समोर बघत बसले होते. इंजिन बंद पडलं होतं. माझी नजर खाली गेली. पेडलवर ठेवलेला त्यांचा उजवा पाय थरथरत होता. गुडघ्यापासून खाली, धोतरावरून वारा जावा तसा पायजमा हलत होता.

मी तिथल्या तिथे निदान करून टाकलं. वय झालं. पाय राहिला नाही. पेडल कापतं म्हणतात, पण कापतो आहे तो पाय.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांना हे सांगितलं. साहेबांनी कार्यालयातल्या दुसऱ्या ड्रायव्हरला गाडी घेऊन आवारात चकरा मारायला सांगितल्या. त्याने चार चकरा मारल्या, चार वेळा ब्रेक दाबला आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "काय न्हाय साहेब. लोण्यासारखा ब्रेक लागतोय."

"मग लेखी द्या," साहेब मला म्हणाले.

मी दिलं. चालकाचा उजवा पाय ब्रेक दाबताना थरथरतो, तरी त्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी. एवढीच दोन वाक्यं होती. खाली सही. लिहिताना मला वाईट वाटलं नाही हे खरं सांगायला हवं. उलट कर्तव्य केल्यासारखं वाटलं. गाडीत मी असतो, रस्त्यावर लोक असतात, उद्या काही झालं तर.

चाचांना ते कारकुनाकडून कळलं. संध्याकाळी मी निघालो तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. रागावलेले वाटत नव्हते. तसे दिसले असते तर मला सोपं गेलं असतं.

"डाक्टरसाब, तुमी लिहिलं?"

"हो, चाचा."

"पाय थरथरला, ते खरं हाय. मेंढराच्या जागी पोरगं असतं, तर? कुणाचाबी थरथरला असता. पण ते ब्रेक मारल्यानंतर. आदी न्हाय."

खरं म्हणजे मेंढ्या दिसण्याआधी त्यांचा पाय कसा होता, हे मी पाहिलंच नव्हतं.

"अक्कलकोट रोडला माझ्या वळखीचा एक मिस्त्री हाय," ते म्हणाले. "उद्या गाडी तितं नेतो. पण तुमी संगट यायचं. मी एकटा गेलो तर लोक म्हनतील, दोस्तानं दोस्ताची बाजू घेतली."

मी साहेबांची परवानगी काढली आणि गेलो. बरोबर जाण्यात माझा काही मोठेपणा नव्हता. त्यांना 'नाही' म्हणायला तोंड नव्हतं, एवढंच.

मिस्त्रींची शेड पत्र्याची, पुढे लिंबाचं झाड. मिस्त्री चाळिशीतले, बुटके, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हात कोपरापर्यंत काळे. शेजारच्या दुकानदाराशी कानडीत काहीतरी बोलत होते, ते अर्धवट सोडून आमच्याकडे आले. चाचांनी काय झालं ते सांगितलं. माझ्या कागदाबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. "कदी कापतंय? गार असताना का तापल्यावर? हळू दाबलं तर का जोरात? स्टेरिंग हलतंय का बुडाखालचं सीट हलतंय? गाडी एका बाजूला वढतीय का?"

चाचा एकेका प्रश्नाला नीट उत्तर देत होते. तापल्यावर. वेगात असताना जास्त. स्टिअरिंग हलतं, सीट फारसं नाही. त्यांच्याकडे सगळी उत्तरं तयार होती. मला कानकोंडं झालं. हेच प्रश्न मी रोज गोठ्यात उभा राहून विचारत होतो. कधीपासून, चारा खाल्ल्यावर की आधी, पुढचा पाय की मागचा. माझ्या शेजारी सहा-सहा तास बसणाऱ्या माणसाला मी त्यातला एकही विचारला नव्हता.

मिस्त्री स्वतः गाडी चालवायला बसले. मी मध्ये, चाचा दाराकडे. अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो. मिस्त्रींनी वेग घेतला, ब्रेक दाबला. गाडी सरळ, गुळगुळीत थांबली. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. काही नाही. तिसऱ्यांदाही नाही. माझ्या मनात एक छोटासा विचार डोकावला की माझं बरोबर होतं. मी चाचांकडे बघितलं. ते बाहेर रानाकडे बघत होते.

"थांबा की," मिस्त्री म्हणाले. माझ्या चेहऱ्यावरचं त्यांना दिसलं असावं. "हिच्या अंगात अजून ताप चढला न्हाय. आवारात चार चकरा मारून हे दिसत नसतंय."

सहाव्या-सातव्या वेळी ते सुरू झालं. आधी स्टिअरिंगमध्ये बारीक कंप, मग समोरचा पत्रा खडखडू लागला. आठव्या वेळी तर माझे दात एकमेकांवर आपटले.

मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. "साहेब, तुमाला गाडी येती का?"

"नाही."

"येऊ नको दे. फक्त पाय द्या. हिकडं सरका, ह्या दांडीवरनं पाय ताणा आनि ब्रेकवर ठेवा. मी सांगंल तवा दाबा."

रस्ता मोकळा होता. माझा पाय गिअरच्या दांडीवरून पलीकडे, पाठ चाचांच्या खांद्याला टेकलेली, अशा अवघडलेल्या अवस्थेत आम्ही पुन्हा वेग घेतला. मिस्त्रींनी गिअर काढला. "दाबा. हळू... आता धरून ठेवा."

मी दाबलं आणि खालून कुणीतरी माझा पाय ढकलला. सोडला. पुन्हा ढकलला. गाभण म्हशीच्या कुशीला हात लावला की आतून वासरू ढुशी देतं, तसं, पण भराभर. गाडीचा वेग कमी होत गेला तसतशा ढुश्या सावकाश होत गेल्या, शेवटी तर एकेक मोजता येईल इतक्या. मग गाडी थांबली आणि ढुश्याही थांबल्या.

मी माझ्या गुडघ्याकडे बघत होतो. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट गुडघा. तो आत्ता आत्तापर्यंत थरथरत होता.

चाचांनी माझी पाठ सावरायला हात दिला.

शेडमध्ये येऊन मिस्त्रींनी पुढचा भाग जॅकवर उचलला. चाक वर-खाली धरून हलवून बघितलं. बेरिंग घट्ट होतं. मग चाकामागे हात घालून ब्रेकचा शू, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून चिकटून तो थांबवणारा अर्धगोल तुकडा, थोडा थोडा पुढे आणला, ड्रमला जेमतेम टेकेल इतका. आणि चाक हाताने सावकाश फिरवलं.

खर्र. मग काही नाही. मग खर्र. मग काही नाही.

"ऐकलं का?" ते म्हणाले. "ड्रम गोल असता तर सगळीकडं सारखं घासलं असतं. हे एका जागी धरतंय, एका जागी सोडतंय. तेच तुमच्या पायाला लागतंय."

मागची दोन्ही चाकं त्यांनी तशीच तपासली. ती सरळ फिरली. पुढचं उजवं चाक जास्त वाईट, डावं थोडं कमी. त्यांनी उजवा ड्रम काढून माझ्यासमोर धरला. लोखंडी तसराळ्यासारखा, आतून चकाकणारा, पण चकाकीत मध्येमध्ये निळसर काळे डाग. आतलं माप घ्यायचा कंपास त्यांनी ड्रममध्ये आडवा लावला आणि फिरवला. एका जागी तो घट्ट अडकला. पाव फेरीवर सैल झाला. फट अशी की कागद सरकावा.

"ड्रम औट झालाय," ते म्हणाले. "गोल ऱ्हायला न्हाय. तापलेल्या ड्रमवर पानी पडतंय का? वढ्याबिढ्यातनं जाता का?"

चाचा जमिनीकडे बघत होते. सांगायचं ते मलाच सांगायला हवं होतं.

प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर आम्ही गाडी थांबवायचो आणि चाकांवर धुण्याच्या सोड्याचं पाणी बादली-बादलीने ओतायचो, म्हणजे एका गावाचा रोग चाकाबरोबर दुसऱ्या गावात जाऊ नये. हा नियम माझा होता. वेळ जाऊ नये म्हणून थांबल्या थांबल्या ओतायचो. पहिल्याच आठवड्यात चाचा म्हणाले होते, "गाडीला जरा दम खाऊ द्या, मग पानी मारू." मला वाटलं, यांना बिडी ओढायची आहे. मी म्हटलं होतं, "चाचा, तिकडं जनावरं मरतायत." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. बादल्या मात्र तेच ओतत होते.

हे सगळं मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "त्यात परत वर्कशॉपवाल्यानं शू लई आवळून दिलेत. ब्रेक न मारता चालतानाबी घासतोय, म्हंजे ड्रम निसता तवा. आनि त्याच्यावर गार पानी." त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. मी शेतकऱ्याला 'ओली ज्वारी खाल्ली म्हणून पोट फुगलं' असं सांगतो, त्याच सुरात ते बोलत होते.

मग चाचा म्हणाले, "डाक्टरसाबला काय म्हाईत ते. आनि रोग पसरला असता तर? त्यांचंबी बरोबर हाय."

माझी बाजू घेणारा त्या शेडमध्ये तो एकच माणूस होता.

शेडच्या मागच्या बाजूला लेथ होता, लोखंड फिरवत कातायचं यंत्र. मिस्त्रींनी ड्रम त्यावर चढवला, तीन-चारदा फिरवून सरळ बसवला आणि हत्यार आत घातलं. पहिल्या फेरीत लोखंडाचा कीस फक्त एका बाजूने निघाला. दुसऱ्या बाजूला हत्यार पोचतच नव्हतं. तिथे जुने डाग तसेच राहिले. मिस्त्री केसाइतकं हत्यार पुढे घेत, पुन्हा फेरी मारत. हळूहळू पांढरी नवी चकाकी वाढत गेली, डागांची बेटं लहान होत गेली आणि शेवटी एकच आवाज सलग यायला लागला. आम्ही दोघं बाजूला उभे होतो. चाचांचे ओठ हलत होते. या वेळी यंत्राच्या आवाजामुळे ऐकू आलं नाही.

डावा ड्रमही तितकाच घासला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढली असती. शूवरचे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, नव्या गोलाईला बसतील असे कानशीने घासून घेतले. चाकाचे नट आवळताना मिस्त्री एक इकडचा, एक समोरचा असे आळीपाळीने आवळत होते. एकीकडूनच आवळत गेलं तरी ड्रम वाकडा बसतो, म्हणाले. "आता हे एकदा भागलं. लोखंड पातळ झालंय. परत औट झाला तर नवाच टाकावा लागंल."

परत निघताना चाचा चालवत होते. त्यांनी अक्कलकोटच्या रस्त्यावर गाडी मुद्दाम लांब नेली. दहा वेळा, बारा वेळा ब्रेक दाबला. ड्रम तापले असतील, पण काही म्हणजे काही झालं नाही. फक्त गाडी थांबायची. मी त्यांच्या पायाकडे बघायचं टाळत होतो आणि ते त्यांना कळत होतं.

गाडी अशी एका दिवसात सरळ झाली. कागदाचं तसं नव्हतं. मी साहेबांना सगळं सांगितलं आणि माझी टिप्पणी परत मागितली. ते म्हणाले, "ती सकाळीच सिव्हिल हॉस्पिटलकडे गेली. वेगळ्या कागदावर अजून काय लिहायचं ते लिहा, पण तपासणी आता होणार." मी लिहिलं. दोष गाडीत होता, चालकाचा दोष नव्हता, गाडीत तो दोष माझ्या सूचनेमुळे आला. साहेबांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "याची गरज आहे का?" मी म्हटलं, "आहे." त्यांनी खांदे उडवले आणि कागद पुढे सरकवला.

तपासणीच्या दिवशी मी चाचांबरोबर गेलो. व्हरांड्यात नोकरीसाठी आलेल्या तरुण मुलांची रांग होती, सगळी बनियन आणि चड्डीवर. त्या रांगेत चाचा उभे होते, हातात घडी घातलेला पायजमा आणि शर्ट. त्यांच्या पोटऱ्या बारीक होत्या. पुढचा मुलगा त्यांना म्हणाला, "चाचा, तुमची कसली भरती?" मुलं हसली. चाचाही थोडं हसले. आत डॉक्टरांनी त्यांना एका पायावर उभं केलं, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळे तपासले आणि कागदावर 'योग्य' असा शिक्का उमटवला. दहा मिनिटं सुद्धा लागली नाहीत.

बाहेर पायरीवर बसून ते चपला घालत होते. मी म्हटलं, "चाचा, चूक माझी झाली."

त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "झाली," ते म्हणाले. "आदी विचारायचं हुतं, मग लिहायचं." आणि उठून गाडीकडे गेले. 'असू द्या, होतं असं' वगैरे ते म्हणाले नाहीत. मला ते तेव्हा लागलं. आता वाटतं, त्यांनी माझी पत्रास ठेवली म्हणूनच ते खरं बोलले.

साथ अजून तीन आठवडे चालली. आता आम्ही वेशीबाहेर थांबलो की बादलीला हात लावायचो नाही. चाचा चाकाजवळ तळहात धरून ऊब बघायचे आणि म्हणायचे, "अजून न्हाय." अर्धा तास तरी जायचा. त्या अर्ध्या तासांत मला कळलं की चाचांचे वडील मागावर बसायचे आणि मागाच्या आवाजाने पुढे बहिरे झाले. त्यांची धाकटी मुलगी मास्तरीण व्हायला शिकत होती आणि घरी येऊन बापाच्या मराठीतल्या चुका काढायची. एकदा त्यांनी मला विचारलं, गाईला ताप आहे हे हात न लावता कसं कळतं. मी नाकपुडी कोरडी पडली आहे का हे बघायला शिकवलं. त्यानंतर गोठ्यात माझ्या आधी तेच नाकपुडी बघून सांगू लागले, आणि बऱ्याचदा बरोबर निघायचे.

एका गावाबाहेर असेच लिंबाखाली बसलो होतो. गावातून एक म्हातारे शेतकरी तरातरा चालत आले. त्यांच्या बैलाने सकाळपासून चारा सोडला होता.

"अवो, गाडी येऊन कवाची हुबी ऱ्हायलीय! बसलाय काय?" ते ओरडले. "हाय का न्हाय डाक्टर?"

"हाय की," चाचा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "गाडी तापलीय. डाक्टरनीच थांबायला सांगितलंय. चाकं निवल्याबिगर पानी मारायचं न्हाय म्हनलेत."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ते थोडा वेळ उभे राहिले, मग धोतर सावरून आमच्या शेजारी सावलीत बसले आणि बैलाला काय काय होतंय ते पहिल्यापासून सांगू लागले. मी वही मिटून ठेवली आणि ऐकत राहिलो.